मार्गदर्शक कुत्र्यांच्या जाती

दृष्टिहीन किंवा अत्यल्प दृष्टी असलेल्या व्यक्तीला रस्त्यावरून, गर्दीतून आणि जिन्यांवरून सुरक्षितपणे नेण्याचे शिक्षण दिलेल्या कुत्र्याला मार्गदर्शक कुत्रा असे म्हणतात. जगभरातील मार्गदर्शक कुत्र्यांत लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर, गोल्डन रिट्रीव्हर, या दोहोंचा संकर आणि जर्मन शेफर्ड यांचेच प्राबल्य आहे. कुत्र्यांच्या शेकडो जाती असताना या कामासाठी बोटांवर मोजता येतील इतक्याच जाती का उरल्या, याचे उत्तर 'अमुक जात हुशार असते' या लोकप्रिय समजुतीत सापडत नाही. ते शरीराच्या आकारमानात, सांध्यांच्या व डोळ्यांच्या आरोग्यात, भित्रेपणाच्या प्रमाणात आणि प्रशिक्षण संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीत आहे. या निवडक जातींतही जन्मलेले प्रत्येक पिल्लू मार्गदर्शक होत नाही. अनेक पिल्ले शिक्षणाच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर गळतात.

संज्ञेविषयी

मराठी वृत्तपत्रांत कुत्र्यांच्या 'प्रजाती' असा उल्लेख पुष्कळदा आढळतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर नाही. ओंजळीत मावणारा चिवावा आणि वासराएवढा ग्रेट डेन हे दोन्ही एकाच प्रजातीचे प्राणी आहेत. माणसाने हेतुपुरस्सर निवड करून त्यांच्या निरनिराळ्या जाती घडवल्या. बहुतेक आधुनिक जाती एकोणिसाव्या शतकात, वंशावळीच्या नोंदवह्या सुरू झाल्यानंतर, पक्क्या झाल्या. हा भेद केवळ शब्दाचा नाही. जात म्हणजे एक बंदिस्त वंशावळ असते. तिच्यात इष्ट गुण टिकून राहतात, तसेच आनुवंशिक दोषही साठत जातात. पुढील विवेचनात या दोन्ही बाजू वारंवार येतील.

कामाचे स्वरूप

मार्गदर्शक कुत्रा मालकाला आपणहून इच्छित स्थळी नेऊन पोहोचवतो, ही समजूत चुकीची आहे. वाट माणसाला ठाऊक असावी लागते आणि दिशाही तोच सांगतो. कुत्र्याचे काम म्हणजे सरळ रेषेत चालणे, पदपथाची कड किंवा पायरी आली की थांबणे, आणि खड्डे, खांब, उभी वाहने यांना वळसा घालणे. यांतील सर्वांत अवघड भाग म्हणजे डोक्याच्या उंचीवरचा अडथळा ओळखणे. खाली आलेल्या फांदीखालून कुत्रा स्वतः सहज निघून जाईल. परंतु शेजारी चालणाऱ्या माणसाच्या कपाळाला ती लागेल, याचा हिशेब त्याने ठेवायचा असतो.

वाहतुकीचे सिग्नल कुत्रा वाचत नाही. लाल आणि हिरवा हे रंग कुत्र्याच्या डोळ्यांना एकमेकांपासून नीट वेगळे ओळखता येत नाहीत. रस्ता ओलांडण्याची वेळ माणूस वाहनांच्या आवाजावरून ठरवतो आणि आज्ञा देतो. मात्र त्या क्षणी एखादे वाहन अंगावर येत असेल, तर कुत्र्याने ती आज्ञा मोडावी, अशी अपेक्षा असते. यालाच प्रशिक्षणाच्या परिभाषेत विचारपूर्वक केलेला आज्ञाभंग म्हणतात.

यावरून या कामाला लागणारा स्वभाव किती विरोधाभासी आहे ते लक्षात येईल. कुत्रा आज्ञाधारक हवा, पण आंधळेपणाने आज्ञा पाळणारा नको. तो सावध हवा, पण भित्रा नको. मालकावर जीव असावा, परंतु त्याच्या रक्षणासाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर गुरगुरणारा नसावा. मांजर, कबुतर, भाकरीचा तुकडा, दुसरा कुत्रा यांपैकी काहीही दिसले, तरी चालण्याची रेषा सुटता कामा नये. क्षणभराचे दुर्लक्ष येथे माणसाच्या जिवावर बेतू शकते.

शरीराच्या अटीही तितक्याच काटेकोर आहेत. खांद्यापाशी साधारण ५३ ते ६३ सेंमी उंची सोयीची मानली जाते. कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्यांना जोडलेला ताठ दांडा माणसाच्या हातात असतो आणि कुत्र्याची प्रत्येक हालचाल त्या दांड्यातून हाताला कळते. लहान चणीच्या कुत्र्याची ओढ हाताला जाणवत नाही. फार मोठा कुत्रा बसमध्ये किंवा रेल्वेत पायांशी मावत नाही. या एका अटीनेच बहुसंख्य जाती बाद होतात.

जर्मन शेफर्ड : पहिला मार्गदर्शक

दृष्टिहीनांसोबत चालणाऱ्या कुत्र्यांची चित्रे जुनी आहेत. मात्र संघटित प्रशिक्षणाचा आरंभ पहिल्या महायुद्धात जर्मनीमध्ये झाला. आघाडीवर दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डॉ. गेऱ्हार्ट स्टालिंग यांनी १९१६ साली ओल्डनबुर्ग येथे पहिली शाळा काढली. तेथे जर्मन शेफर्ड निवडला जाणे स्वाभाविक होते. माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ पासून मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात घडवली होती, आणि सैन्याला ती परिचित होती. कळपाच्या कडेने दिवसभर फिरणे, मेंढपाळाच्या खुणेकडे लक्ष ठेवणे आणि तरीही प्रसंगी स्वतः निर्णय घेणे, हे तिचे मूळ काम मार्गदर्शनाच्या कामाशी बरेच जुळणारे आहे. (महाराष्ट्रात अनेक जण या कुत्र्याला अजूनही 'अल्सेशियन' म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन नाव नकोसे झाल्यामुळे दिलेले ते नाव आहे. आपल्याकडे ते इंग्रजांबरोबर आले आणि टिकले.)

डोरोथी हॅरिसन युस्टिस ही अमेरिकन महिला स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्डची पैदास करीत असे. प्रदर्शनात बक्षिसे मिळवणारा देखणा कुत्रा तिला नको होता, कामाचा कुत्रा हवा होता. जर्मनीतील शाळा पाहून तिने नोव्हेंबर १९२७ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात लेख लिहिला. तो वाचून टेनेसी राज्यातील मॉरिस फ्रँक या दृष्टिहीन तरुणाने तिला पत्र पाठवले. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची जर्मन शेफर्ड मादी घेऊन परतला. न्यूयॉर्कमधील अत्यंत रहदारीचा रस्ता त्याने वार्ताहरांच्या देखत बडीच्या साहाय्याने ओलांडून दाखवला. पुढल्याच वर्षी, १९२९ मध्ये, 'द सीइंग आय' ही अमेरिकेतील पहिली मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९३१ साली वॉलसी येथे ज्या पहिल्या चार कुत्र्यांचे शिक्षण पूर्ण झाले, तीही जर्मन शेफर्डच होती.

मग हा मान पुढे लॅब्रॅडॉरकडे का गेला? जर्मन शेफर्ड सहसा एका माणसाशी घट्ट बांधला जातो. मार्गदर्शक कुत्र्याचे आयुष्य मात्र हस्तांतरांचे असते: जन्मस्थानाहून पालनकर्त्या कुटुंबाकडे, तेथून प्रशिक्षकाकडे, आणि शेवटी दृष्टिहीन व्यक्तीकडे. प्रत्येक वियोग या जातीला जड जातो. तिची राखणदारीची वृत्ती आणि अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती गर्दीच्या शहरांत अडचणीची ठरते. तरीही वेगाने चालणाऱ्या, ठाम स्वभावाच्या व्यक्तींना आजही जर्मन शेफर्ड दिला जातो आणि अशी जोडी जमली की ती उत्तम जमते.

लॅब्रॅडॉर : खादाडपणाचे मोल

लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करीत. जाळी ओढणे, निसटलेले मासे पकडून आणणे ही त्यांची कामे. ब्रिटनमधील उमरावांनी त्यांपासून शिकार केलेले पक्षी तोंडात अलगद धरून आणणारी जात तयार केली. १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने तिला मान्यता दिली. बंदुकीच्या आवाजाने न बिचकणे, अनेक माणसांत व कुत्र्यांत मिसळणे आणि सापडलेली वस्तू स्वतः न खाता परत आणून देणे, हे गुण शिकारीसाठी निवडले गेले. पुढे ते शहरातील रस्त्यावर उपयोगी पडले. आखूड केसांमुळे निगा राखणे सोपे जाते, हाही दृष्टिहीन मालकाच्या दृष्टीने लहान लाभ नव्हे.

याखेरीज आणखी एक कारण आहे. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी लॅब्रॅडॉरमध्ये 'पीओएमसी' या जनुकातील एक छोटा भाग गळालेला असल्याचे दाखवले. हे जनुक पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवण्याच्या यंत्रणेत सहभागी असते. ज्या कुत्र्यांत हा बदल असतो, ती अधिक भुकेली आणि सरासरीने वजनदार असतात. सर्वसाधारण लॅब्रॅडॉरपैकी सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत हा बदल आढळला. तपासलेल्या साहाय्यक कुत्र्यांत मात्र हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास होते. खाऊच्या बक्षिसावर शिकवताना भुकेला विद्यार्थी लवकर शिकतो. अशा शिकणाऱ्या कुत्र्यांची पुढे पैदास झाली असावी आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना हे जनुक निवडले गेले असावे, असा त्याचा संभाव्य अर्थ लावला जातो. २०२४ मधील अभ्यासात अशी कुत्री विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही कमी खर्च करतात, असे दिसून आले.

म्हणजे लोक ज्याला लॅब्रॅडॉरची 'हुशारी' म्हणतात, तिचा काही भाग तरी न शमणारी भूक आहे. घरगुती लॅब्रॅडॉर लठ्ठ होतात, याचा दोष केवळ मालकाच्या लाडांना देता येत नाही, हेही यावरून कळते. पण आहार मोजून देण्याची जबाबदारी त्यामुळे वाढते, कमी होत नाही.

गोल्डन रिट्रीव्हर आणि संकर

गोल्डन रिट्रीव्हर ही जात १८६८ पासून लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या स्कॉटलंडमधील जागिरीत आकाराला आली. तिचा स्वभाव लॅब्रॅडॉरपेक्षा काहीसा हळवा आणि संथ समजला जातो. आवाज चढवलेला तिला सोसत नाही. लांब केसांना रोज विंचरावे लागते. लॅब्रॅडॉर व गोल्डन यांच्या पहिल्या पिढीच्या संकरात एकाची उमेद आणि दुसऱ्याचा मऊपणा एकत्र येतो, असा अनेक संस्थांचा अनुभव असून ब्रिटनमध्ये हा संकर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. दोन वेगळ्या वंशावळी एकत्र आल्याने काही अप्रभावी आनुवंशिक दोष झाकले जातात. खुब्याच्या विकारासारखे दोन्ही जातींत असलेले दोष मात्र संकराने आपोआप जात नाहीत.

पूडल आणि लॅब्रॅडूडल

हवाईमधील एका दृष्टिहीन महिलेला मार्गदर्शक कुत्रा हवा होता, परंतु तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. १९८०च्या दशकात ही विनंती ऑस्ट्रेलियातील संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांच्याकडे आली. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून त्यांनी अनेक मोठे पूडल तपासून पाहिले. एकही कामाला उतरला नाही. अखेर लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांपैकी एकाच्याच केसांचा व लाळेचा त्या गृहस्थाला त्रास झाला नाही. हे पिल्लू, 'सुलतान', पुढे हवाईला गेले.

ही कथा जातींविषयीच्या अपेक्षा किती फसव्या असतात, याचे उत्तम उदाहरण आहे. ॲलर्जी मुख्यतः केसांमुळे नव्हे, तर लाळेतील व त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे होते, आणि ती सर्वच कुत्र्यांत असतात. 'ॲलर्जी न करणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या घरांतील मोजणीत या प्रथिनांचे प्रमाण कमी आढळलेले नाही. एकाच वेताच्या तीन पिल्लांतही फरक होता. तरीही 'लॅब्रॅडूडल' हे नाव बाजारात चालले आणि त्याच धर्तीवर संकरांची लाट आली. कॉनरन यांनी उतारवयात याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

इतर जाती

बॉक्सर, आखूड केसांचा कॉली, व्हिझ्ला यांचा वापर काही संस्थांनी तुरळक प्रमाणात केला आहे. बॉक्सरचे आखूड नाक उन्हाळ्यात श्वासाला अपुरे पडते. बॉर्डर कॉली ही आज्ञा शिकण्यात अत्यंत चपळ जात आहे. पण हलणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे तिची नजर खेचली जाते आणि रहदारीत तोच गुण दोष ठरतो. बीगलला वास सोडवत नाही. हस्कीच्या रक्तात ओढणे आहे, थांबणे नाही.

स्वभाव कितपत जातीचा?

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच जातींच्या पिल्लांवर प्रदीर्घ प्रयोग करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सारख्या परिस्थितीत वाढवूनही जातीजातींत स्वभावाचे फरक राहतात, हे त्यांनी दाखवले. त्याचबरोबर साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाचा माणसांशी संबंध आला नाही, तर नंतर ती उणीव भरून निघणे कठीण असते, हेही दाखवले. पिल्लांना लहान वयातच स्वयंसेवी कुटुंबांत ठेवण्याच्या पद्धतीला या संशोधनाने मोठे बळ दिले.

२०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय माहिती तपासली गेली. कुत्र्या-कुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असा निष्कर्ष निघाला. वर्तन आनुवंशिक नाही, असा याचा अर्थ नव्हे. गुण आई-वडिलांकडून येतात. पण जातीचे नाव हे त्या आई-वडिलांचे अगदी ढोबळ वर्णन आहे. मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्था म्हणूनच बाजारातून लॅब्रॅडॉर विकत घेण्याऐवजी स्वतःच्या वंशावळी राखतात.

प्रशिक्षणातून वगळण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे भित्रेपणा. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक लॅब्रॅडॉरवर १९८०च्या दशकात गॉडार्ड आणि बाइलहार्ट्स यांनी केलेल्या अभ्यासात भित्रेपणा बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याचे आढळले. म्हणजेच निर्भय आई-वडील निवडून तो पुढील पिढ्यांत कमी करता येतो.

संगोपनाचा वाटाही आहे, आणि तो अपेक्षेहून निराळा निघाला. 'द सीइंग आय'मधील ९८ पिल्लांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या माता आडव्या पडून, पिल्लांना आयते दूध मिळेल अशा रीतीने पाजत, त्यांची पिल्ले प्रशिक्षणात गळण्याची शक्यता अधिक होती. उभ्याने किंवा बसून पाजणाऱ्या, म्हणजे पिल्लांना थोडे कष्ट पाडणाऱ्या मातांची पिल्ले अधिक यशस्वी ठरली. वर्गात अनेक वर्षे घालवलेल्या कोणालाही या निष्कर्षाचे फारसे नवल वाटणार नाही.

आरोग्य

मार्गदर्शक कुत्र्याचे शिक्षण दीड ते दोन वर्षांच्या वयात पूर्ण होते आणि तो साधारण दहाव्या वर्षापर्यंत काम करतो. पाचव्या वर्षी त्याचे खुबे दुखू लागले किंवा दृष्टी मंदावली, तर दृष्टिहीन व्यक्तीचे स्वातंत्र्य एका दिवसात हिरावले जाते. नवा कुत्रा मिळून जोडी जुळेपर्यंत बराच काळ जातो. या क्षेत्रात आरोग्याला स्वभावाइतकेच महत्त्व आहे ते यामुळे.

तिन्ही प्रमुख जातींत खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, हा विकार आढळतो. खोबणीत मांडीच्या हाडाचा गोल नीट बसत नाही आणि पुढे संधिवात होतो. केवळ चांगल्या खुब्याच्या नर-मादींची निवड करून 'द सीइंग आय' संस्थेने पाचांहून कमी पिढ्यांत जर्मन शेफर्डमधील हे प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणि लॅब्रॅडॉरमधील ३० वरून १० टक्क्यांवर आणले. ही आकडेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. जातीचे दोष म्हणजे अटळ प्राक्तन नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल; मात्र त्यासाठी नोंदी ठेवण्याची आणि देखणे पण सदोष कुत्रे पैदाशीतून वगळण्याची शिस्त लागते.

जातीनिहाय काही विशेष धोके आहेत. लॅब्रॅडॉरमध्ये दृष्टिपटलाचा क्रमशः ऱ्हास आणि श्रमानंतर पाय लुळे पडण्याचा विकार आढळतो. या दोन्हींसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये कर्करोगाचे प्रमाण चिंताजनक आहे. त्याच्या कारणांचा शोध घेण्यासाठी अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डन कुत्र्यांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा अभ्यास सुरू झाला. जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूचा ऱ्हास होऊन उतारवयात मागचे पाय निकामी होतात, तसेच स्वादुपिंडाच्या पाचकरसांच्या कमतरतेचा विकारही दिसतो. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चॉकलेटी रंगाच्या लॅब्रॅडॉरचे आयुष्य इतर रंगांच्या लॅब्रॅडॉरपेक्षा सुमारे दीड वर्षाने कमी आढळले. रंगासाठी पैदास करताना निवडीचे वर्तुळ लहान होते, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

भारतातील स्थिती

भारतात मार्गदर्शक कुत्र्यांचा वापर अत्यंत विरळ असून दृष्टिहीन व्यक्तींचे मुख्य साधन पांढरी काठी हेच आहे. मोकाट कुत्र्यांचे कळप, तुटलेले किंवा अतिक्रमण झालेले पदपथ आणि उन्हाळ्यात तापणारे डांबर या अडचणी कोणत्याही जातीच्या कुत्र्यापुढे सारख्याच आहेत. दुहेरी केसांचे थर असलेल्या लॅब्रॅडॉर व गोल्डन यांना विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा विशेष जाचतो.

देशी जाती या कामी का येऊ नयेत, असा प्रश्न सहज सुचतो. मराठवाड्यातील कारवान व पश्मी आणि कर्नाटकातील मुधोळ हे उष्णता सोसणारे, काटक कुत्रे आहेत. परंतु ते नजरेने सावज हेरून पाठलाग करणारे शिकारी आहेत. पळणारा ससा दिसताच धावणे, यासाठीच त्यांची निवड झाली. अनोळखी माणसांपासून ते अंतर राखतात आणि खाऊच्या लालचीने सहसा वश होत नाहीत. गावठी कुत्र्यांत आनुवंशिक विविधता भरपूर असल्याने बंदिस्त वंशावळीचे दोष कमी असतात. मात्र त्यांच्या वंशाच्या नोंदी नसल्यामुळे पिल्लू मोठेपणी कोणत्या स्वभावाचे निघेल, याचा आधी अंदाज बांधता येत नाही.

पुण्या-मुंबईत लॅब्रॅडॉरचे पिल्लू 'गरीब स्वभावाचे' म्हणून विकले जाते, ते बहुधा मार्गदर्शक कुत्र्यांनी मिळवलेल्या लौकिकाच्या बळावर. त्या कुत्र्यांमागे असलेली निवड मात्र या पिल्लांमागे नसते. घेणाऱ्याने आई-वडिलांच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र आणि डोळ्यांच्या तपासणीचा दाखला मागावा, शक्य असल्यास निदान आईला प्रत्यक्ष पाहावे आणि आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू तिच्यापासून तोडू नये, असे पशुवैद्य सांगतात.